गवत-क्लोव्हरचा मुरघास: कोणते पूरक, किती आणि केव्हा

गवत आणि क्लोव्हर (शेंगवर्गीय चारापीक) यांच्या मिश्र चाऱ्यात एकाच कापणीत ऊर्जाही मिळते आणि प्रथिनेही. क्लोव्हरच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात, त्यामुळे खत कमी लागते, आणि जनावरे हा चारा अंमळ जास्तच खातात. मुरघास (हवा बंद करून, आंबवून टिकवलेला हिरवा चारा) करायला घेतला की मात्र हाच चारा अवघड होऊन बसतो. मक्याची कुट्टी नीट दाबून झाकली की ती बहुतेक वेळा आपोआप मुरते. क्लोव्हरचे तसे नाही.

अशा वेळी कल्चर (उपयोगी जिवाणूंचे मिश्रण), मोलॅसिस (मळी), फॉर्मिक आम्ल, विकरे (एन्झाइम), क्षार अशी अनेक पूरके समोर येतात. सगळ्यांच्या पुड्यांवर आणि कॅनवर ‘उत्तम मुरघास’ हेच लिहिलेले असते. प्रत्यक्षात ती वेगवेगळ्या दुखण्यांवरची औषधे आहेत. एका चाऱ्यात आम्ल पुरेसे तयार होत नाही, दुसऱ्यात नको ते आम्ल तयार होते, तिसरा उत्तम मुरतो पण खड्डा उघडताच तापतो. या तिन्हींवर एकच पूरक चालत नाही. म्हणून आधी चारा ओळखायचा आणि मग पूरक निवडायचे. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

क्लोव्हर मुरायला अवघड का

मुरघास टिकतो तो लॅक्टिक आम्लामुळे. हवा संपली की चाऱ्यावरचे लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू चाऱ्यातली साखर खाऊन आम्ल तयार करतात, सामू (pH; आम्ल जितके जास्त तितका हा आकडा कमी) ४ च्या आसपास उतरतो आणि कुजवणारे जिवाणू थांबतात. या साखळीला क्लोव्हर तीन ठिकाणी अडथळा आणतो.

पहिली अडचण साखरेची. चांगल्या रायगवतात विरघळणारी साखर भरपूर असते; क्लोव्हरमध्ये ती बरीच कमी असते, कारण क्लोव्हर आपला साठा मुख्यतः स्टार्चच्या रूपात करतो आणि बहुतेक लॅक्टिक जिवाणूंना स्टार्च थेट वापरता येत नाही. दुसरी अडचण बफर क्षमतेची. क्लोव्हरमधली प्रथिने आणि सेंद्रिय आम्लांचे क्षार तयार होणारे आम्ल शोषून घेतात, त्यामुळे सामू तेवढाच खाली आणायला गवताच्या साधारण दीडपट ते दुप्पट आम्ल लागते. म्हणजे कच्चा माल कमी आणि गरज जास्त. तिसरी अडचण पाण्याची. क्लोव्हरचे देठ जाड आणि रसाळ असतात, पाने वाळली तरी देठ ओलेच राहतात.

सामू वेळेत उतरला नाही तर क्लॉस्ट्रिडियम गटातले जिवाणू डोके वर काढतात. ते मातीतून आणि शेणातून येतात. ते साखर तर खातातच, पण आधी तयार झालेले लॅक्टिक आम्लही खातात आणि त्याचे ब्युटिरिक आम्ल करतात. या एका क्रियेत वापरलेल्या पदार्थाचे निम्मे वजन वायू होऊन उडून जाते. प्रथिनांचे तुकडे होऊन अमोनिया बनतो, सामू पुन्हा चढतो आणि चाऱ्याला खवट, हाताला चिकटून राहणारा वास येतो. असा मुरघास जनावर तोंडात घेऊन सोडून देते.

लाल क्लोव्हरच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्यात पॉलिफिनॉल ऑक्सिडेज नावाचे विकर असते. पाने चिरडली की ते कामाला लागते (पाने तपकिरी पडतात ती त्यामुळेच) आणि प्रथिने तुटण्याचा वेग मंदावतो. म्हणून लाल क्लोव्हरच्या मुरघासात लसूणघासापेक्षा प्रथिने चांगली टिकतात. पांढऱ्या क्लोव्हरमध्ये हा गुण फारच कमी आहे. बरसीमही क्लोव्हरच्याच कुळातली आहे. कमी साखर, जास्त बफर आणि जास्त पाणी या तिन्ही अडचणी तिलाही लागू होतात.

पायरी १: कापणीआधीची तयारी

पूरकाचे निम्मे यश कापणीआधीच ठरते. गवत निसवायला लागले आहे आणि लाल क्लोव्हर कळीपासून फुलोऱ्याच्या सुरुवातीपर्यंत आहे, ही योग्य वेळ. उशीर केला तर देठ निबर होतात, पचनीयता घसरते आणि घट्ट दाबणेही जमत नाही.

कापणीची उंची ७ ते १० सें.मी. ठेवा. याने दोन कामे होतात: लाल क्लोव्हरचा फुटवा ज्या बुडख्यातून येतो तो शाबूत राहतो आणि चाऱ्यात माती येत नाही. माती म्हणजे क्लॉस्ट्रिडियमचे बी. प्रयोगशाळेच्या अहवालात राख शुष्क पदार्थाच्या (पाणी वगळून उरणाऱ्या चाऱ्याच्या) १० टक्क्यांच्या वर गेली असेल तर चाऱ्यासोबत माती आली आहे असे समजा. उंदीर-घुशींनी काढलेले मातीचे ढीग आधी मोडून सपाट करा. शेणकाला टाकला असेल तर तो आणि कापणी यांत किमान सहा-सात आठवडे जाऊ द्या. नत्र खताचा शेवटचा हप्ताही उशिरा देऊ नका. न वापरलेला नत्र झाडात राहतो, साखर कमी होते आणि बफर वाढतो.

सकाळचे दव उडाल्यावर कापा. झाड दिवसभर उन्हात साखर बनवते, त्यामुळे दुपारनंतर साखर सर्वांत जास्त असते. पण दुपारची वाट पाहण्यात सुकवण्याचे तास वाया जाणार असतील तर दव उडताच कापलेले बरे. सलग दोन-तीन दिवस ढगाळ गेले असतील तर साखर कमी आहे असे धरूनच पुढचा निर्णय घ्या.

पायरी २: सुकवा आणि ओलावा मोजा

मुरघासात सर्वांत स्वस्त पूरक ऊन आहे. शुष्क पदार्थ २० वरून ३० टक्क्यांवर गेला की रसात साखर दाट होते, क्लॉस्ट्रिडियमला लागणारे मोकळे पाणी कमी होते आणि पाझर (चाऱ्यातून झिरपून बाहेर पडणारा रस) जवळजवळ थांबतो. दुसरा फायदा असा की कोरड्या चाऱ्याला टिकण्यासाठी सामू तितका खाली जाण्याची गरज नसते. शुष्क पदार्थ २० टक्के असेल तर सामू साधारण ४.२ पर्यंत उतरावा लागतो, ३० टक्क्यांना ४.५ चालतो आणि ४० टक्क्यांना ४.७ च्या आसपासही मुरघास स्थिर राहतो.

मिश्र चाऱ्यासाठी ३० ते ३५ टक्के हे लक्ष्य ठेवा आणि शक्यतो २४ तासांत गाठा. कापल्यावरही झाड श्वास घेत असते आणि साखर जाळत असते. म्हणून ४८ तासांहून जास्त रेंगाळलेला चारा वाळला तरी आतून रिता झालेला असतो. कापल्याबरोबर पसरून टाका. क्लोव्हर जास्त असेल तर यंत्राने जोरात झोडपू नका. ४० टक्क्यांच्या पुढे क्लोव्हरची पाने चुरा होऊन गळतात, आणि प्रथिने पानांतच असतात.

ओलावा शेतातच कळतो. कुट्टी केलेला चारा मूठभर घ्या, गोळा करून अर्धा मिनिट घट्ट दाबा आणि मूठ उघडा. बोटांमधून रस वाहत असेल तर शुष्क पदार्थ २५ टक्क्यांच्या खाली आहे. गोळा तसाच राहिला, तळवा ओला झाला, पण रस फारसा टपकला नाही, तर २५ ते ३०. गोळा हळूहळू फुलत गेला आणि तळवा जेमतेम दमट झाला, तर ३० ते ४०. मूठ उघडताच सगळे सुटले तर ४० च्या वर. क्लोव्हरच्या बाबतीत ही परीक्षा थोडी फसवते, कारण पाने कोरडी आणि देठ ओले असतात. म्हणून मूठ भरताना देठ वगळू नका आणि एक देठ नखाने चिरून पाहा. रसाचा थेंब आला तर चारा दिसतो त्यापेक्षा ओला आहे.

नेमका आकडा हवा असेल तर मायक्रोवेव्ह वापरा. चाऱ्याचे बारीक तुकडे करून १०० ग्रॅम मोजा, सोबत कोपऱ्यात पाण्याचा पेला ठेवा म्हणजे चारा जळणार नाही. दोन-तीन मिनिटांच्या टप्प्यांनी वाळवत आणि दर वेळी वजन करत राहा. शेवटी टप्पे आणखी लहान करा. सलग दोन वजने सारखी आली की जितके ग्रॅम उरले तितके टक्के शुष्क पदार्थ.

पायरी ३: हा चारा किती अवघड आहे ते मांडा

यासाठी युरोपात रूढ असलेले एक साधे सूत्र उपयोगी पडते. शुष्क पदार्थाचे टक्के घ्या आणि त्यात साखर व बफर क्षमता यांच्या गुणोत्तराची आठपट मिळवा. येणारा अंक ४५ किंवा जास्त असेल तर चारा मुरायला सोपा, ३५ ते ४५ मध्यम, ३५ च्या खाली अवघड.

उदाहरण म्हणून, ३० टक्के शुष्क पदार्थाच्या गवतात साखर बफरच्या दुप्पट असेल तर ३० अधिक १६ म्हणजे ४६, सोपा चारा. तेवढ्याच सुकवलेल्या निव्वळ क्लोव्हरमध्ये हे गुणोत्तर १ असेल तर ३० अधिक ८ म्हणजे ३८. तोच क्लोव्हर २५ टक्क्यांवरच उचलला तर ३३, म्हणजे अवघड. निम्मे गवत, निम्मा क्लोव्हर आणि गुणोत्तर दीड असेल तर ३० टक्क्यांना ४२ येतात आणि ३५ टक्क्यांपर्यंत सुकवले तर ४७. पाच टक्के जास्त सुकवल्याने चाऱ्याची जातच बदलली. पूरकावर पैसे खर्च करण्याआधी हे गणित कागदावर मांडावेच.

साखर आणि बफर प्रयोगशाळेत मोजतात. ते शक्य नसेल तर जुना ठोकताळा असा: ताज्या चाऱ्याच्या वजनात ३ टक्के साखर असेल तर तो स्वतःच्या बळावर मुरतो, २ टक्क्यांच्या आसपास असेल तर मदत लागते. चाऱ्याचा रस पिळून रिफ्रॅक्टोमीटरवर (रसातली साखर दाखवणारे छोटे उपकरण) ढोबळ अंदाज घेता येतो, मात्र त्यात साखरेशिवाय इतर विरघळलेले घटकही मोजले जातात. क्लोव्हरच्या रसात ते जास्त असतात, त्यामुळे आलेला आकडा खऱ्यापेक्षा चढा धरा.

पायरी ४: पूरक निवडा

*लॅक्टिक कल्चर.* यात लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरम (आता लॅक्टिप्लँटिबॅसिलस असे नाव आहे), पेडिओकॉकस, एन्टेरोकॉकस फिशियम असे जिवाणू असतात. ते ग्लुकोजच्या एका रेणूपासून लॅक्टिक आम्लाचे दोन रेणू बनवतात, वाटेत काही वाया जात नाही. चाऱ्यावर मुळात असलेले बरेच जिवाणू तीच साखर वापरून लॅक्टिक आम्लासोबत अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड बनवतात. त्यात साखरेचा जवळजवळ चौथा हिस्सा वायू होऊन जातो. कल्चरमुळे सामू लवकर उतरतो आणि प्रथिने वाचतात. क्लोव्हर असलेल्या चाऱ्यात हा वेग फार मोलाचा आहे, कारण प्रथिनांची सर्वाधिक तूटफूट पहिल्या काही दिवसांतच होते.

कल्चरची मर्यादा स्पष्ट आहे: ते साखर आणत नाही, असलेली साखर नीट वापरते. २८-३० टक्क्यांच्या वर सुकलेल्या, गवत निम्म्याहून जास्त असलेल्या चाऱ्याला ते उत्तम. पावसात भिजलेल्या, २० टक्के शुष्क पदार्थाच्या क्लोव्हरवर नुसते कल्चर टाकणे म्हणजे रिकाम्या चुलीवर फुंकर घालणे.

*मोलॅसिस.* साखर कमी आहे असे ठरले तर हा सरळ उपाय. मोलॅसिसमध्ये साधारण निम्मी साखर असते. २५ टक्के शुष्क पदार्थाच्या क्लोव्हरमध्ये शुष्क पदार्थाच्या ८ टक्के साखर असेल, तर एका टन ताज्या चाऱ्यात फक्त २० किलो साखर आहे. त्यात ४० किलो मोलॅसिस घातले की आणखी २० किलो साखर मिळते आणि प्रमाण थेट ४ टक्क्यांच्या जवळ जाते. गवत जास्त असेल तर टनाला २० ते ३० किलो, क्लोव्हर जास्त असेल तर ४० ते ५० किलो. त्याहून कमी, चव लावण्यापुरते घातलेले मोलॅसिस क्लॉस्ट्रिडियमच्याही उपयोगी पडू शकते. मोलॅसिस आणि कल्चर ही जोडी चांगली जमते, कारण एक कच्चा माल देते आणि दुसरे कामगार.

अडचण पसरवण्याची आहे. मोलॅसिस चिकट असते; कोमट पाण्यात पातळ करून फवारले नाही तर एका जागी साचते आणि बाकी खड्डा कोराच राहतो. फार ओल्या चाऱ्यात पाझर वाढतो आणि त्यासोबत घातलेली साखरही वाहून जाते.

*आम्ल.* फिनलंडचे ए. आय. व्हिर्टानेन यांनी हिरव्या चाऱ्यात हायड्रोक्लोरिक आणि सल्फ्युरिक आम्ल घालून सामू थेट ४ च्या खाली आणण्याची पद्धत बसवली. शेती व पोषण रसायनशास्त्रातले त्यांचे काम आणि विशेषतः ही चारा टिकवण्याची पद्धत, यांसाठी त्यांना १९४५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आज त्या तीव्र खनिज आम्लांची जागा फॉर्मिक आम्लाने आणि त्याच्या अमोनियम किंवा सोडियम क्षारांसोबतच्या मिश्रणांनी घेतली आहे.

फॉर्मिक आम्ल सामू लगेच खाली आणते, क्लॉस्ट्रिडियमला रोखते आणि प्रथिने तोडणाऱ्या विकरांना आवर घालते. साखर आंबवण्यात खर्च न होता जनावरासाठी शिल्लक राहते. ८५ टक्के तीव्रतेचे आम्ल गवताला टनामागे ३ ते ४ लिटर, क्लोव्हर जास्त असेल तर ५ लिटरपर्यंत लागते. ऊन मिळण्याची आशा नाही, चारा २५ टक्क्यांच्या खाली आहे आणि त्यात क्लोव्हर भरपूर आहे, अशा वेळी माझा कौल आम्लालाच आहे. कल्चरला लागणारी परिस्थिती तिथे नसते. मात्र आम्लाने पाझर वाढतो, यंत्राचे लोखंड गंजते आणि यीस्ट (हवा मिळताच साखर खाऊन चारा तापवणारे सूक्ष्मजीव) त्याला फारसे घाबरत नाहीत, त्यामुळे शिल्लक साखर असलेला असा मुरघास उघडल्यावर तापू शकतो.

आम्लाच्या बाबतीत सुरक्षिततेचे नियम पाळलेच पाहिजेत. आम्लाला टिकणारे हातमोजे, डोळ्यांना पूर्ण बंद चष्मा, अंगभर एप्रन, रबरी बूट. पातळ करायचे असेल तर नेहमी पाण्यात आम्ल ओता, आम्लात पाणी कधीच नाही. वाफ श्वासात जाऊ देऊ नका, वाऱ्याकडे पाठ करून काम करा. स्वच्छ पाण्याची भरलेली टाकी हाताशी असल्याशिवाय कॅन उघडू नका. अंगावर किंवा डोळ्यांत उडाले तर निदान १५ मिनिटे पाण्याने धुवत राहा आणि लगेच डॉक्टरकडे जा. क्षारयुक्त मिश्रणे कमी भाजतात आणि कमी गंजवतात, म्हणून पर्याय असेल तर तीच घ्या.

*तापण्यावरची पूरके.* लॅक्टोबॅसिलस बुखनेरी (नवे नाव लेंटिलॅक्टोबॅसिलस) हा जिवाणू लॅक्टिक आम्लाचा काही भाग ॲसेटिक आम्लात बदलतो, आणि ॲसेटिक आम्ल यीस्टला आवरते. हे काम सावकाश चालते. ४५ ते ६० दिवस खड्डा बंद राहणार नसेल तर त्यावर खर्च करू नका. प्रोपिऑनिक आम्ल, सोडियम बेंझोएट आणि पोटॅशियम सॉर्बेट हीदेखील यीस्ट-बुरशीविरुद्धची. यांची गरज मुख्यतः कोरड्या, गवत जास्त असलेल्या, गोड चाऱ्याला भासते. क्लोव्हर भरपूर असलेला मुरघास उघडल्यावर सहसा कमी तापतो, कारण त्यात यीस्टला खायला साखर उरत नाही. म्हणजे क्लोव्हरचा चारा खड्ड्याच्या आत सांभाळायचा आणि गवताचा खड्ड्याच्या तोंडाशी.

विकरांबद्दल थोडक्यात. सेल्युलेज आणि हेमिसेल्युलेज तंतू तोडून साखर मोकळी करतात. कोवळ्या गवतावर त्यांचा परिणाम दिसतो. क्लोव्हरच्या निबर देठावर फारच कमी. कल्चरमध्येच मिसळून आले तर ठीक, पण त्यांच्या भरवशावर ओला क्लोव्हर भरू नका. सोडियम नायट्राइट आणि हेक्झामाइन यांची मिश्रणे क्लॉस्ट्रिडियमवर चांगली चालतात, अगदी अवघड चाऱ्यातही. पण मात्रा आणि खाऊ घालण्याआधीचा थांबा लेबलवर असेल तसाच पाळा.

मक्याच्या सवयीने क्लोव्हरच्या मुरघासात युरिया टाकू नका. युरियाचा अमोनिया होतो, अमोनिया आम्ल मारतो. ज्या चाऱ्यात आम्ल आधीच अपुरे आणि प्रथिने आधीच भरपूर, तिथे युरिया दोन्ही बाजूंनी चुकीचा.

पायरी ५: मात्रा आणि पंपाचे गणित

कल्चरच्या पुडीवर किलोमागे भाव पाहण्याआधी जिवाणूंची संख्या पाहा. एका ग्रॅम ताज्या चाऱ्याला किमान १ लाख जिवंत जिवाणू मिळायला हवेत. टनाला हे १० हजार कोटी होतात. १०० ग्रॅमची पुडी ५० टनांसाठी आहे असा दावा असेल, तर पुडीच्या दर ग्रॅममध्ये ५ हजार कोटी जिवाणू असायला हवेत. लेबलवर संख्या लिहिलीच नसेल तर ती पुडी ठेवून द्या. कालबाह्यतेची तारीख आणि दुकानात ती थंड जागी ठेवली होती का, हेही विचारा.

क्लोरीन घातलेल्या पाण्यात कल्चर मरते. नळाचे पाणी असेल तर रात्रभर उघड्या टाकीत ठेवा. हट्टी प्रकारचे क्लोरीन तेवढ्याने जात नाही, म्हणून विहिरीचे किंवा साठवलेले पावसाचे स्वच्छ पाणी जास्त खात्रीचे. टाकी सावलीत ठेवा. पाणी ३५ अंशांच्या वर गेले की जिवाणू भराभर कमी होतात. कालवलेले कल्चर त्याच दिवशी संपवा. ज्या पंपातून काल आम्ल किंवा तणनाशक गेले, तो धुतल्याशिवाय कल्चरला वापरू नका. आम्ल आणि कल्चर एकाच चाऱ्यावर तर कधीच नाही.

आता प्रवाह. कुट्टी यंत्रातून ताशी ३० टन चारा येत असेल आणि द्रावण टनाला २ लिटर द्यायचे असेल, तर ताशी ६० लिटर, म्हणजे मिनिटाला १ लिटर. नळीचे तोंड मोजपात्रात धरा, घड्याळ लावा आणि एका मिनिटात किती पडते ते बघा. नोझल बदलून किंवा दाब कमी-जास्त करून नेमके १ लिटर आणा. हीच चाचणी दुपारी पुन्हा करा, कारण रस आणि कचरा चिकटून नोझल अर्धवट बुजते आणि टाकी संथ रिकामी होत असल्याचे कोणाच्या लक्षात येत नाही. ताशी किती टन येतात हे माहीत नसेल तर एक ट्रॉली वजन करा आणि ती भरायला किती मिनिटे लागली ते लिहून ठेवा.

यंत्र नसेल तर थर मोजून काम करा. दर थराला अंदाजे २०० किलो चारा पसरला, की एका टनाचे द्रावण पाच समान भागांत वाटा आणि पाठीवरच्या पंपाने प्रत्येक थरावर एक भाग फवारा. संपूर्ण चारा भरून झाल्यावर वरून ओतलेले पूरक वरच्या वीतभर थरातच राहते. चारा ४० टक्क्यांहून कोरडा असेल तर भुकटीपेक्षा द्रावण बरे; कोरड्या चाऱ्यावर भुकटीतले जिवाणू जागे व्हायला वेळ लावतात. गासड्या बांधत असाल तर फवारा यंत्राच्या तोंडाशी, चारा आत ओढला जातो तिथेच लावा.

पायरी ६: भरा, दाबा, झाका

हवा राहिली तर कोणतेही पूरक उपयोगाचे नाही. कुट्टी २ ते ५ सें.मी.; चारा जितका कोरडा तितकी बारीक, जितका ओला तितकी लांब. खड्ड्यात १५ सें.मी. पेक्षा जाड थर टाकू नका आणि प्रत्येक थर दाबा. दाबणाऱ्या वाहनांचे वजन ताशी येणाऱ्या चाऱ्याच्या किमान पाव असावे: ताशी ४० टन येत असतील तर १० टन वजन सतत फिरत राहिले पाहिजे. तेवढे नसेल तर चारा आणण्याचा वेग कमी करा. क्लोव्हरच्या कोरड्या देठांत स्प्रिंगसारखी ताकद असते, दाब सुटला की ते पुन्हा फुलतात. म्हणून कडेच्या भिंतीलगत जास्त वेळ द्या.

भरून झाल्यावर त्याच दिवशी झाका. प्लॅस्टिकच्या कागदाखाली पातळ पारदर्शक थर, वर जाड कागद आणि त्यावर सगळीकडून वजन. गासड्यांना किमान सहा वेढे द्या. क्लोव्हरचे टोकदार देठ कागदाला छिद्रे पाडतात, म्हणून देठ जास्त असतील तर आठ.

पाझर निघाला तर तो गोळा करायची सोय आधीच करून ठेवा. मुरघासाचा पाझर ओढ्या-तळ्यात गेला तर पाण्यातला प्राणवायू संपवतो आणि मासे मरतात. पहिले तीन आठवडे बंद खोल खड्ड्यात किंवा टॉवरमध्ये उतरू नका. नत्रयुक्त चाऱ्यातून पिवळसर-तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइड निघतो, तो हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो आणि जीव घेतो. नायट्राइटचे पूरक वापरले असेल तर ही काळजी दुप्पट घ्या.

पायरी ७: उघडा आणि पूरकाचा हिशेब घ्या

निदान सहा आठवडे थांबा. बुखनेरी वापरले असेल तर दोन महिने. उघडल्यावर तोंडाची सपाट कापणी ठेवा आणि थंडीत दिवसाला १५ सें.मी., उन्हाळ्यात ३० सें.मी. तरी आत सरका. थर्मामीटर हातभर आत खुपसा. बाहेरच्या हवेपेक्षा वाढत जाणारे तापमान म्हणजे यीस्ट कामाला लागले.

वास आंबट आणि स्वच्छ, रंग ऑलिव्हकडे झुकणारा हिरवट-पिवळा, पाने ओळखू येतात: बरोबर जमले. लाल क्लोव्हर जास्त असेल तर गडद तपकिरी रंगाने घाबरू नका, तो वर सांगितलेल्या विकराचा परिणाम असू शकतो; वासावर निर्णय घ्या. भाजक्या तंबाखूसारखा वास मात्र वेगळा, तो चारा तापल्याची खूण आहे आणि त्यात प्रथिने पचेनाशी झालेली असतात.

नमुना प्रयोगशाळेत द्याल तेव्हा सामूसोबत अमोनिया-नत्र आणि ब्युटिरिक आम्ल मागून घ्या. एकूण नत्रात अमोनियाचा वाटा १० टक्क्यांच्या आत हवा. १५ च्या वर गेला तर प्रथिने मोठ्या प्रमाणात तुटली आहेत. ब्युटिरिक आम्ल शुष्क पदार्थाच्या ०.५ टक्क्याच्या आत असावे. सामू पाहताना शुष्क पदार्थाशी लावूनच पाहा: ३८ टक्क्यांच्या मुरघासात ४.६ ही काळजीची गोष्ट नाही, २२ टक्क्यांच्या मुरघासात तोच आकडा धोक्याचा आहे.

पूरक खरेच उपयोगी पडले का, हे कळायचे असेल तर एक-दोन गासड्या किंवा बॅगा त्याच चाऱ्याच्या, त्याच दिवशी, पूरक न घालता बांधा आणि खुणेचा रंग लावून ठेवा. दोन्हींचा अहवाल शेजारी ठेवला की पुढच्या कापणीचा निर्णय सोपा होतो. दोन्ही चांगले निघाले तर चारा सोपा होता, पुढच्या वेळी तसाच सुकलेला असेल तर पूरकाशिवाय भरा. दोन्ही खवट निघाले तर साखर किंवा सुकवण कमी पडली. मोलॅसिसची मात्रा वाढवा किंवा आम्लाकडे वळा. आतला मुरघास उत्तम पण तोंडाशी गरम होत असेल तर लॅक्टिक कल्चर बदलून बुखनेरी असलेले घ्या आणि रोजची उचल वाढवा. अमोनिया जास्त आणि सोबत राखही जास्त आली, तर पूरक बदलण्यात अर्थ नाही. कापणीची उंची वाढवा.